हलकाच घ्या, काका

माझ्या बायकोला माझ्या बहुतेक लबाड्या माहीत आहेत. अल्बम छापायलाच दिलेला नसताना मी गिऱ्हाइकाला 'बाइंडिंगला गेलाय' म्हणून सांगतो, ते तिला माहीत आहे. ऑर्डरला उशिरा पोचलो की माझी गाडी नेहमी एकाच फाट्यावर पंक्चर होते, तेही माहीत आहे. पण आता जे सांगतोय ते तिला ठाऊक नाही. भावाला नाही, धंद्यातल्या दोस्तांना नाही. दोनदा अगदी तोंडाशी आलं होतं — आणि दोन्ही वेळा मी पावसापाण्यावर बोलायला लागलो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं जमेल. बघू.

गोष्ट तशी किरकोळ वाटेल. जुना ट्रायपॉड विकत घेताना मी एका माणसाला चुकीचा सल्ला दिला. एवढंच. हसू आलं ना? कुणाची जमीन लाटली नाही, कुणाच्या घरात भांडण लावलं नाही. कॅमेऱ्याखाली ठेवायचा तीन पायांचा स्टँड तो काय, आणि त्याचा सल्ला तो काय. मीसुद्धा स्वतःला कितीतरी दिवस असंच समजावलं. पण मग त्या माणसाच्या घरावरून जाताना मी गाडीचा वेग का वाढवतो?

मी मूळचा चकलांब्याचा. गेवराईत माझा छोटा स्टुडिओ आहे, लग्नाचं शूटिंग करतो. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून परत आल्या की आमच्याकडं लग्नाचा हंगाम खरा पेटतो. मग दीड-दोन महिने जेवायला सवड नसते. हे काम मला शेषेरावकाकांनी शिकवलं. ते माझ्या नात्यातले नाहीत. तालुक्यातले सगळे फोटोग्राफर त्यांना काका म्हणतात, आणि गिऱ्हाईक मास्तर म्हणतं. मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा चांगला पंचविशीचा घोडा होतो, आणि कॅमेऱ्यातलं मला इतकंच कळत होतं की त्याला झाकण असतं आणि ते काढायचं असतं. पाच वर्षं त्यांच्याबरोबर फिरलो. अक्षता पडताना नवरीच्या आईकडं कधी वळायचं, रुसलेल्या मामाला फोटोत कुठं उभं करायचं — माझ्याकडं जे काही आहे ते त्यांचं आहे.

काकांच्या हाताबद्दल सांगायला पाहिजे. काका आयुष्यभर कॅमेरा हातात धरून काम करत आले. मांडवात पाय ठेवायला जागा नसायची, त्यातून हा माणूस चालत जायचा, आणि चित्र असं यायचं की डोक्यावर भरलेली घागर घेऊन बाई चाललीय आणि थेंब सांडत नाही. स्टँड वापरणाऱ्यांची ते टिंगल करायचे. म्हणायचे, "स्टँड म्हंजी म्हाताऱ्याची काठी. मांडवात पोरं त्याला अडखळत्यात अन् बाया त्याला पिशव्या अडकावत्यात." ते खोटं नव्हतं. माझ्या स्टँडला लोकांनी पिशव्याच काय, एकदा झोपलेल्या बाळाचं टोपडंही अडकवलंय. पण त्या टिंगलीपायी काकांनी कधी स्टँडला हात लावला नाही. कोणता चांगला, कोणता वाईट, त्याच्यावरचं हेड कसं पारखायचं — यात ते अगदी कोरे होते. हे लक्षात ठेवा. नाही, ठेवूच नका, मीच कुठं विसरू शकतोय.

एके दिवशी दुपारी काका माझ्या स्टुडिओत आले. दुकानात कुणी नव्हतं. उजवा हात त्यांनी काचेच्या काउंटरवर ठेवला आणि नुसते बघत बसले. बोटं थरथरत होती — काचेवर नखांचा बारीक आवाज येत होता.

"दवाखान्यात दाखवलंय. गोळ्या दिल्यात. हळूहळू वाढंल म्हनत्यात," ते म्हणाले. "घरी बी सांगितलं न्हाई अजून. तू बोलू नको कुठं. मला एक स्टँड बघून दे, नवनाथ. जुना असला तरी चालंल. मला त्यातलं काईच कळत न्हाई, तुला लई कळतंय."

मी कुठं बोललो नाही. हे मात्र खरं. त्यांच्या हाताची गोष्ट मी इमानदारीनं पोटात ठेवली, आणि बराच काळ याच एका गोष्टीवर स्वतःला चांगला माणूस समजत राहिलो.

अंबाजोगाईत एका माणसाची केबलवरची बातम्यांची वाहिनी होती. लोक सगळं मोबाइलवर बघायला लागले, तशी ती बंद पडली. तो सामान विकतोय असं कळलं, म्हणून मी आणि काका माझ्या मोटारसायकलवर निघालो. काकांच्या गोळ्याही तिथल्याच दवाखान्यातून आणायच्या होत्या. खोलीत कॅमेरे, दिवे, वायरींचे गुंडाळे, आणि भिंतीला टेकवलेले दोन स्टँड. मालकानं खोली उघडून दिली आणि तो जेवायला गेला. काका म्हणाले, तू बघून ठेव, मी तवर गोळ्या घेऊन येतो. तर मी एकटाच होतो. पाऊण तास असेल.

जुना स्टँड कसा बघतात, सांगू? बैलाचे दात बघतात तसंच आहे ते. आधी पाय उलटे करून झटकायचे. मांडवात वावरलेल्या स्टँडच्या सांध्यांतून अक्षता पडतात — कुंकवाचा रंग लागलेले तांदळाचे दाणे. जितके दाणे जास्त, तितकी लग्नं जास्त. तिथला हलका स्टँड झटकला तर फरशीवर चांगले चिमूटभर दाणे पडले. मालक वाहिनीच्या जोडीला लग्नंही करत होता. दुसरा, काळा आणि जड, त्यातून एक दाणा पडला नाही. तो सगळं आयुष्य एका खोलीत, बातम्या सांगणाऱ्याच्या समोर उभा राहिलेला.

मग हेड. कॅमेरा ज्याच्यावर बसतो आणि ज्याला धरून तो वळवायचा दांडा असतो, ते हेड. खरा जीव तिथं असतो. चांगल्या हेडमध्ये घट्ट वंगण असतं. हात कसाही हलो, ते वंगण हिसका गिळून टाकतं आणि कॅमेरा सावकाश, लोण्यातून वळावा तसा वळतो. हलक्या स्टँडच्या हेडमधलं वंगण वाळून गेलं होतं. दांडा मुळाशी ढिला होता. दांडा अडायचा, मग एकदम सुटायचा. जड स्टँडचं हेड — काय सांगू. मी दांड्याला हात लावला आणि मला ते हवंसं झालं. दुसरा शब्द नाही.

इथंच थांबलो असतो तर म्हणता आलं असतं की मी फार विचार केला नव्हता. पण मी थांबलो नाही. मी माझा कॅमेरा जड हेडवर बसवला, दांडा धरला आणि — हे लिहिताना मला माझीच किळस येतेय — मी माझा उजवा हात मुद्दाम थरथरवला. काकांचा थरथरतो तसा. काउंटरवर बघितला होता ना, अगदी तसाच. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र हललं नाही. जागचं हललं नाही. मग तेच हलक्या हेडवर करून बघितलं. माझा हात हलत होता त्याच्या दुप्पट चित्र हलत होतं. म्हणजे मला अंदाज नव्हता, शंका नव्हती. मला माहीत होतं. पारखायला गेलो होतो काकांसाठी, पारख अचूक केली, आणि ती पारख स्वतःच्या खिशात घातली.

का? मला ते हेड पाहिजे होतं, हे एक. पण तेवढंच असतं तर मी दुसरं कुठून तरी मिळवलं असतं. मोठ्या लग्नांत आता कॅमेऱ्याचं चित्र वायरीनं थेट मोठ्या पडद्यावर जातं, सगळा मांडव बघतो. तालुक्यातल्या एका बड्या बागायतदाराच्या, पुढाऱ्याच म्हणा, मुलाचं लग्न ठरलं होतं. काकांनी त्या पुढाऱ्याचं स्वतःचं लग्न शूट केलं होतं, म्हणून मुख्य कॅमेरा काकांचा आणि बाजूचा माझा. दहा वर्षं झाली होती माझ्या स्टुडिओला, तरी लोक मला 'शेषेराव मास्तरचा माणूस' म्हणत होते. मला वाटत होतं — एकदा तरी लोकांनी माझं चित्र बघावं आणि त्यांचं बघावं. आणि दोन्हींत फरक दिसावा. आता हे वाचून तुम्हाला काय वाटतंय ते मला कळतंय.

काका गोळ्यांची पिशवी घेऊन आले. "काय म्हनतो?" एवढंच विचारलं.

"हलकाच घ्या, काका," मी म्हणालो. "दुसरा लई जड हाय. तुमच्या खांद्याला झेपायचा न्हाई."

बघा, कसं काळजीनं बोललो. आवाजसुद्धा मऊ होता. काकांनी जड स्टँड डाव्या हातानं उचलून बघितला, खाली ठेवला आणि हसले. म्हणाले, खरंच की. मग स्वतःच म्हणाले, "तो तू घे. तुझा खांदा तरना हाय." मला मागावासुद्धा लागला नाही. दोघांच्या किमतीत फार फरक नव्हता. त्यांनी त्यांचे पैसे दिले, मी माझे. परतीच्या वाटेवर माझा जड स्टँड काका मागच्या सीटवर मांडीवर आडवा धरून बसले होते, धारूरच्या घाटातल्या सगळ्या वळणांवर. त्यांचा स्वतःचा त्यांनी गाडीला बांधून टाकला होता.

लहानसहान दोन लग्नं त्यांनी त्या स्टँडवर निभावली. ती नुसती रेकॉर्डिंगची कामं होती. हललेलं चित्र नंतर कापून टाकता येतं. ते फोन करून मला म्हणाले, अजून हात बसला न्हाई. मी म्हणालो, बसंल. तेव्हाही बोलता आलं असतं. स्टँड बदलून घेऊ म्हणता आलं असतं. वंगण बदलणारा माणूस संभाजीनगरला आहे, तेवढं तरी सांगता आलं असतं. पण वंगण बदललं की हात बसला असता. आणि हात बसला की खोट स्टँडात होती हे त्यांना कळलं असतं.

मग ते लग्न आलं. डोंगराएवढा मांडव, स्टेजच्या दोन्ही बाजूंना भिंतीएवढे पडदे. मंगलाष्टका सुरू झाल्या. मुख्य कॅमेरा काकांचा, नवरा-नवरीच्या अगदी समोर. त्यांनी नवरीचा चेहरा जवळ घेतला आणि पडद्यावर, हजारभर माणसांच्या समोर, तो भिंतीएवढा चेहरा थरथरायला लागला. खडबडीत रस्त्यावरून जीपमधून बघावा तसा. आधी लोकांना वाटलं पडदा बिघडला. मग माना काकांकडं वळल्या. माझ्या मागून एक जण मोठ्यानं म्हणाला, "भूकंप झाला का बे?" आणि आजूबाजूचे हसले. काकांनी दांडा दोन्ही हातांनी धरला. मला दिसत होतं. दोन्ही हातांनी धरून, हनुवटी छातीत खुपसून उभे होते, आणि तरी हलत होतं. शेवटी पडद्याच्या माणसानं त्यांचा कॅमेरा बंद करून माझा लावला. चित्र एकदम शांत झालं. कुणीतरी म्हणालं, आता कसं.

पुढारी वाईट माणूस नाही. तो स्वतः खाली उतरून काकांकडं गेला, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मास्तर, बसा सावलीला. बक्कळ केलंत आमच्यासाठी. पोरगं करतंय आता." पोरगं म्हणजे मी. त्या वेळी मला कसं वाटलं? खरं सांगायचं ठरवलंय तर सांगतो — वाईट वाटलं, पण आधी बरं वाटलं. बरं वाटणं आधी आलं.

पंगती उठल्यावर काका पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होते. मी गेलो. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "नवनाथ, खरं सांग. स्टँडात काई हाय का मपल्या हातातच हाय?"

माणसाला आयुष्यात इतका सरळ प्रश्न किती वेळा विचारला जातो? दोन शब्दांचं उत्तर होतं. पाणी वाहत होतं, त्यांनी नळ बंद केला नव्हता, ते वाट बघत होते.

"स्टँड चांगला हाय, काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मंग मपलंच हाय," म्हणाले, आणि नळ बंद केला.

त्या हंगामानंतर त्यांनी लग्नं सोडली. कॅमेरा कपाटात ठेवला. आता दुकानात फ्रेमा विकतात, लॅमिनेशन करतात. कुणी तारीख घेऊन आलं की सांगतात, नवनाथकडं जा. माझ्या निम्म्या ऑर्डरी त्यांनी पाठवलेल्या आहेत. तो आजार वाढणारच होता, मला माहीत आहे. पण हळूहळू वाढणार होता. चांगल्या हेडवर त्यांनी अजून दोन-तीन वर्षं सहज काढली असती, आणि सोडलं असतं तेव्हा स्वतःच्या मर्जीनं सोडलं असतं. आपला हात भर मांडवात आपल्याला सोडून गेला, असं मनात धरून ते घरी बसले. ते खरं नाही. ते माझ्यामुळं त्यांना खरं वाटतं.

एवढं सांगून थांबावं असं मला वाटत होतं. बायकोला सांगायला निघालो तेव्हाही इथपर्यंतच सांगायचं ठरवलं होतं. पण खरी लाज याची नाही.

गेल्या वर्षी काकांच्या मुलीचं, अश्विनीचं लग्न झालं. पाहुण्यांच्या इच्छेनं लिंबागणेशला, मोजक्या माणसांत. शूटिंग अर्थातच मी करणार होतो. अश्विनी जन्मली तेव्हापासून तिचं बारसं, पहिली शाळा, दहावीचा सत्कार, सगळं काकांनी स्वतः घेतलेलं. त्यांच्या घरात भिंतभर तीच आहे. पाठवणीची वेळ आली. बायका अश्विनीला घेऊन गाडीकडं निघाल्या. मी जड स्टँडवर कॅमेरा लावून तयार होतो. काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. डोक्याला फेटा, डोळे लाल.

"जरा मी घिऊ का?" ते म्हणाले. "निस्तं एवढंच. हलंल, हलू दी. घरातच बघायचंय."

आणि त्यांनी उजवा हात पुढं केला. दांड्यापासून वीतभर अंतरावर होता तो हात, थरथरत.

मला त्या क्षणी सगळं दिसलं. ते दांडा धरतील. पडद्यात बघतील. अश्विनी वळून बघेल आणि चित्र हलणार नाही. हात हलत असेल आणि चित्र हलणार नाही. त्यांना एक सेकंद लागला असता कळायला. तो माणूस चाळीस वर्षं चित्र बघत आलाय. पोरीची पाठवणी त्यांच्या हातून, जशी त्यांना पाहिजे होती तशी, कायमची राहिली असती. मला फक्त एक पाऊल बाजूला व्हायचं होतं.

"काका, तुमी पावन्यांकडं बघा," मी म्हणालो. "इथं मी हाय ना."

त्यांनी हात मागं घेतला. "हां. तुझं बरोबर हाय," म्हणाले. "तुझ्या कामात खोट नगं." आणि गाडीकडं गेले. ती सगळी पाठवणी माझ्याकडं आहे, स्वच्छ, कुठंही धक्का नाही. तिच्यात काका गाडीच्या दाराशी उभे आहेत आणि दोन्ही हात त्यांनी पाठीमागं धरलेत.

दिवाळीत त्यांच्याकडं फराळाला गेलो होतो. घरात पाहुणे होते; काकांनी हौसेनं टीव्हीवर तीच पाठवणी लावली. अश्विनी वळून बघते तिथं त्यांनी थांबवलं, मागं नेऊन पुन्हा लावलं, आणि पाहुण्यांना म्हणाले, "बघा, हाय का कुठं हलल्यालं? ह्याला म्हनत्यात हात." काकूंनी माझ्यापुढं चहा ठेवला. मी खाली मान घालून तो प्यायलो, आणि काकांनी आणखी एका लग्नाची तारीख माझ्यासाठी धरून ठेवली होती, ती लिहून घेऊन घरी आलो.